जोमदार इंजिनासाठी ऑइल निवडताना : डब्यावरच्या आकड्यांपासून बेअरिंगपर्यंत

इंजिन ऑइलच्या डब्यावर ‘५डब्ल्यू-४०’ असे ठळक छापलेले असते आणि बहुतेक मालकांची निवड तो आकडा आणि कंपनीचे नाव एवढ्यावरच संपते. शांतपणे चालवल्या जाणाऱ्या साध्या इंजिनाचे त्यावर निभावूनही जाते. पण ज्या इंजिनाला टर्बो आहे, जे सात-आठ हजार आरपीएमपर्यंत फिरते किंवा जे ट्रॅकवर पंधरा-वीस मिनिटे सलग पूर्ण थ्रॉटलवर चालते, त्याच्या बाबतीत एवढ्या माहितीवर घेतलेला निर्णय अंदाजपंचेच ठरतो.

अशा इंजिनात ऑइलची खरी परीक्षा कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगमध्ये होते. क्रँकशाफ्टचा जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) आणि बेअरिंगचा शेल (त्याभोवतीचे पातळ धातूचे अस्तर) यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकीच असते. पन्नास मिलिमीटर व्यासाच्या जर्नलला सुमारे ०.०५ मिलिमीटर, असा जुना ठोकताळा आहे. सिलिंडरमध्ये स्फोट झाला की जर्नल एका बाजूला ढकलला जातो आणि त्या बाजूला ऑइलचा थर काही मायक्रॉनच, कधी त्याहूनही कमी, उरतो. तो थर तुटला नाही तर धातूला धातू लागत नाही. म्हणून निवडीचा प्रश्न ‘कोणते ऑइल सर्वांत चांगले’ असा नसून ‘माझे इंजिन ज्या तापमानाला चालते, त्या तापमानाला हा थर टिकवणारे आणि तरीही विनाकारण दाट नसलेले ऑइल कोणते’ असा आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आहेत.

पहिली पायरी : उत्पादकाचा मंजुरी क्रमांक शोधणे

सुरुवात गाडीच्या माहितीपुस्तिकेपासून करावी आणि तिथे केवळ ग्रेड (‘५डब्ल्यू-४०’सारखा आकडा) न पाहता मंजुरीचा क्रमांक टिपून घ्यावा. पोर्शेचा ‘ए४०’, बीएमडब्ल्यूचा ‘लाँगलाइफ-०१’, मर्सिडीजचा ‘२२९.५’ किंवा फोक्सवागनचा ‘५०४ ००’ ही अशा क्रमांकांची परिचित उदाहरणे आहेत. प्रत्येक क्रमांकामागे त्या उत्पादकाने ठरवलेल्या इंजिन चाचण्या असतात. झीज, पिस्टनवरची काजळी, सीलवर होणारा परिणाम, ऑइलचे ऑक्सिडेशन अशा बाबी त्यांत तपासलेल्या असतात. सारख्याच ग्रेडच्या दोन डब्यांपैकी एकाकडे ही मंजुरी असते आणि दुसऱ्याकडे नसते, हे नेहमीचेच आहे.

डब्याची मागची बाजू वाचताना एका शब्दयोजनेकडे लक्ष द्यावे. तिथे दोन प्रकारची वाक्ये आढळतात. एका प्रकारात ऑइल त्या क्रमांकाखाली ‘अप्रूव्ह्ड’ आहे असे लिहिलेले असते, म्हणजे उत्पादकाने ते तपासून आपल्या यादीत घेतलेले असते. दुसऱ्या प्रकारात ऑइल त्या क्रमांकाची ‘पूर्तता करते’ किंवा त्या गाड्यांसाठी ‘शिफारस केलेले’ आहे असे म्हटलेले असते. हा दुसरा दावा ऑइल बनवणाऱ्याचा स्वतःचा असतो. तो खोटाच असतो असे नाही, परंतु वॉरंटीत असलेल्या महागड्या इंजिनासाठी मी पहिल्या प्रकाराच्या वाक्यावरच विसंबेन.

इंजिन मूळ स्वरूपात असेल, गाडी रस्त्यावरच चालत असेल आणि मंजुरी असलेले ऑइल मिळत असेल, तर निवड इथेच बऱ्यापैकी पूर्ण होते. पुढचा भाग ट्रॅकवर जाणाऱ्या, ताकद वाढवलेल्या किंवा पुन्हा बांधलेल्या इंजिनांसाठी अधिक महत्त्वाचा आहे.

दुसरी पायरी : ग्रेडचे दोन्ही आकडे नीट समजून घेणे

ग्रेड ठरतात ‘एसएई जे३००’ या मानकानुसार. ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्याचे, आणि त्याच्या आधीचा आकडा फक्त थंडीतल्या वागणुकीबद्दल बोलतो. ०डब्ल्यू ऑइलची स्टार्टरने इंजिन फिरवताना होणाऱ्या विरोधाची चाचणी उणे ३५ अंश सेल्सिअसला होते, ५डब्ल्यूची उणे ३० अंशांना आणि १०डब्ल्यूची उणे २५ अंशांना. पंप ते ऑइल ओढू शकतो का, याची चाचणी त्याहून पाच अंश खाली होते. म्हणजे ०डब्ल्यू-४० आणि ५डब्ल्यू-४० यांच्यातला नेमलेला फरक हा कडाक्याच्या थंडीतला आहे. ‘शून्य म्हणजे पातळ, म्हणून गरम इंजिनात ते टिकणार नाही’ हा समज चुकीचा आहे आणि तो आश्चर्य वाटावे इतका पसरलेला आहे.

दुसरा आकडा गरम इंजिनाचा. १०० अंशांना ऑइलची श्यानता, म्हणजे रोजच्या बोलीतला दाटपणा, किती सेंटिस्टोक्स आहे त्यावर तो ठरतो. २० ग्रेड ६.९ ते ९.३ च्या दरम्यान असतो, ३० ग्रेड ९.३ ते १२.५, ४० ग्रेड १२.५ ते १६.३, ५० ग्रेड १६.३ ते २१.९ आणि ६० ग्रेड २१.९ ते २६.१. हे पट्टे चांगलेच रुंद आहेत. १२.६ सेंटिस्टोक्सचे ऑइलही ‘४०’ आणि १६ सेंटिस्टोक्सचेही ‘४०’. पहिले ऑइल खरे तर दाट बाजूच्या ३० ग्रेडचे सख्खे भावंड आहे, पण डब्यावरून ते कळत नाही.

तिसरी पायरी : आपल्या ऑइलचे तापमान मोजणे

माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्षित राहणारी पायरी हीच आहे. डॅशबोर्डवरचा कूलंटचा काटा मध्यावर आला म्हणजे ऑइलही तापले, असे समजू नये, कारण कूलंट आधी तापते आणि ऑइल त्याच्या बरेच मागे असते. उलट जोरात चालवताना कूलंट ९५ अंशांवर स्थिर असूनही ऑइल १३० अंशांपर्यंत चढलेले असू शकते. ज्या गाडीत ऑइलच्या तापमानाचा वेगळा दर्शक आहे तिथे प्रश्न नाही. नसेल तर गाडीच्या डायग्नोस्टिक (ओबीडी) सॉकेटमधून आकडा वाचता येतो का ते पाहावे, आणि तेही शक्य नसेल तर संपमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठणाऱ्या तबकात) किंवा फिल्टरच्या बैठकीत सेन्सर बसवून घ्यावा. बेअरिंगच्या आतले तापमान संपमधल्यापेक्षा चढेच असते, हे लक्षात ठेवून आकड्याकडे पाहावे.

या मोजमापाचा उपयोग एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा ३० ग्रेडचे एक चांगले ऑइल १०० अंशांना ११ सेंटिस्टोक्सचे आहे. तेच ११० अंशांना सुमारे ९, १२० अंशांना साधारण ७.५ आणि १३० अंशांना ६.४ च्या आसपास उतरते. आता १०० अंशांना १३.५ सेंटिस्टोक्स असलेले ४० ग्रेडचे ऑइल घेतले, तर १२० अंशांना ते ९ च्या जवळ आणि १३० अंशांना साधारण ७.७ वर असते. म्हणजे ३० ग्रेड १२० अंशांना जिथे असतो, जवळपास तिथेच ४० ग्रेड १३० अंशांना असतो. ग्रेड एक पायरीने वाढवला की तापमानाची दहा-पंधरा अंशांची सवड मिळते, असा ढोबळ हिशोब यातून निघतो.

तो हिशोब वापरायचा असा : उत्पादकाने ३० ग्रेड नेमला आहे आणि रोजच्या चालवण्यात ऑइल ९५ ते १०५ अंशांदरम्यान राहते, तर ३० ग्रेडच ठेवावा. ट्रॅकवर तेच ऑइल १२५-१३० अंशांवर टिकून राहत असेल, तर ४० ग्रेडचा विचार रास्त आहे. १४० अंशांच्या पुढे जात असेल, तर ५० ग्रेडच्या मागे लागण्याआधी ऑइल कूलर बसवणे किंवा असलेला मोठा करणे हा खरा उपाय होय, कारण त्या तापमानाला कोणतेही ऑइल झपाट्याने जुने होते. तापमान दहा अंशांनी वाढले की ऑक्सिडेशनचा वेग जवळपास दुप्पट होतो, हा रसायनशास्त्रातला ढोबळ नियम इथेही लागू पडतो.

गरजेपेक्षा दाट ऑइल ही केवळ सुरक्षित बाजूची चूक आहे, असेही मानू नये. १०० अंशांना १८ सेंटिस्टोक्सचे ५० ग्रेडचे ऑइल ९५ अंशांवर २० सेंटिस्टोक्सच्या घरात असते. त्याने दाबाचा काटा वर जातो आणि मालक खूश होतो, पण दाब हा प्रवाहाला होणाऱ्या विरोधाचा आकडा आहे. पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह लवकर उघडतो, बेअरिंगमधून वाहणारे आणि तिथली उष्णता उचलून नेणारे ऑइल कमी होते आणि अंतर्गत घर्षणाने ऑइल स्वतःच जास्त तापते. कॅमचे टायमिंग ऑइलच्या दाबावर बदलणाऱ्या इंजिनांमध्ये तर यंत्रणेचा प्रतिसादही मंदावू शकतो.

उत्पादकांचे निर्णयही या दोन टोकांच्या मधला मार्ग शोधतानाच दिसतात. बीएमडब्ल्यूने एम३ (ई४६) आणि एम५ (ई६०) यांच्या उच्च आरपीएमच्या इंजिनांसाठी १०डब्ल्यू-६० नेमले होते आणि ऑइल तापेपर्यंत आरपीएमची मर्यादा दाखवणारे दिवे टॅकोमीटरवरच दिले होते, कारण थंड असताना हे ऑइल फार दाट असते. निसान जीटी-आर (आर३५) मात्र ०डब्ल्यू-४० वर चालते. शेव्हरोले कॉर्व्हेटच्या सातव्या पिढीत रोजच्या वापराला ५डब्ल्यू-३० आणि ट्रॅकसाठी १५डब्ल्यू-५० असा दुहेरी सल्ला होता. २०१९ च्या मॉडेलपासून दोन्हींसाठी ०डब्ल्यू-४० आले. एकाच ऑइलने थंड सकाळ आणि तापलेला ट्रॅक या दोन्ही बाजू सांभाळाव्यात, ही त्यामागची दिशा आहे.

चौथी पायरी : एचटीएचएसचा आकडा पाहणे

सेंटिस्टोक्सचे मोजमाप ऑइल आपल्या वजनाने संथपणे वाहत असताना होते. बेअरिंगमध्ये मात्र ते प्रचंड वेगाने कातरले जाते आणि त्या अवस्थेत बहुग्रेड ऑइलमधले, गरम असताना दाटपणा टिकवणारे पॉलिमर ताणून आडवे होतात, त्यामुळे ऑइल तात्पुरते पातळ पडते. ही अवस्था मोजण्यासाठी १५० अंश सेल्सिअसला उच्च कातर वेगाखाली श्यानता मोजतात. तिला ‘एचटीएचएस’ म्हणतात आणि ती मिलिपास्कल-सेकंदांत लिहिली जाते. एसएईनुसार २० ग्रेडला ती किमान २.६, ३० ग्रेडला २.९, ०डब्ल्यू-४० ते १०डब्ल्यू-४० यांना ३.५ आणि ५० व ६० ग्रेडला ३.७ असावी लागते.

युरोपातील वाहन उत्पादकांच्या ‘एसीईए’ या संघटनेच्या वर्गीकरणात हीच रेषा आणखी ठळक दिसते. ए३/बी४ आणि सी३ या वर्गांत एचटीएचएस किमान ३.५ असते, तर ए५/बी५ मध्ये ती २.९ ते ३.५ आणि सी५ मध्ये २.६ ते २.९ अशी मुद्दाम खाली ठेवलेली आहे, कारण ते वर्ग इंधन बचतीसाठी आहेत. म्हणून ५डब्ल्यू-३० असे लिहिलेल्या दोन डब्यांपैकी एकात ३.०चे ऑइल असू शकते आणि दुसऱ्यात ३.५चे, आणि बेअरिंगच्या दृष्टीने ती दोन वेगळी ऑइले आहेत. जोरात चालणाऱ्या इंजिनासाठी एकच आकडा पाहायचा झाला तर मी हा पाहीन. अर्थात ज्या इंजिनाचा पंप, फटी आणि कॅम यंत्रणा ०डब्ल्यू-२० साठीच आखलेल्या आहेत, तिथे रस्त्यावरच्या वापरात ३.५चा हट्ट धरू नये.

पाचवी पायरी : रसायन आपल्या इंजिनाला जुळते का

टर्बो आणि थेट इंधन फवारणी एकत्र असलेल्या पेट्रोल इंजिनात कमी आरपीएमवर जास्त भार टाकला की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा प्रकार घडतो. त्याला ‘एलएसपीआय’ म्हणतात आणि एखाद्या झटक्यात पिस्टनची कड तुटू शकते. ऑइलमधल्या कॅल्शियमयुक्त डिटर्जंटने हा धोका वाढतो, मॅग्नेशियमयुक्त डिटर्जंटने तसे होत नाही, असे आढळल्यावर मिश्रणे बदलण्यात आली. अमेरिकेच्या ‘एपीआय’ (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या संस्थेने २०१८ मध्ये ‘एसएन प्लस’ आणि मे २०२० मध्ये ‘एसपी’ हा वर्ग आणला. ‘एसपी’मध्ये टायमिंग चेनच्या झिजेची चाचणीही आली. मार्च २०२५ पासून त्यापुढचा ‘एसक्यू’ लागू झाला आहे. अशा इंजिनात ‘एसपी’च्या खालचे ऑइल घालू नये. एसीईएच्या ए७/बी७ आणि सी६ या वर्गांतही एलएसपीआयची चाचणी अंतर्भूत आहे.

याच इंजिनांत दुसरी अडचण इंधन मिसळण्याची. छोट्या फेऱ्यांमध्ये सिलिंडरच्या भिंतीवरचे न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये उतरते, आणि काही टक्के मिसळले तरी ४० ग्रेडचे ऑइल ३० च्या हद्दीत येऊ शकते. गाडी बहुतांशी अशीच वापरली जात असेल, तर ग्रेड बदलण्यापेक्षा ऑइल लवकर बदलणे आणि अधूनमधून ते पूर्ण तापेल इतके लांब चालवणे अधिक उपयोगी ठरते.

राख हा तिसरा मुद्दा. एक्झॉस्टमध्ये पार्टिक्युलेट फिल्टर असेल तर सी३सारखे कमी राखेचे ऑइल हवे, ज्यात सल्फेटेड राख ०.८ टक्क्यांपर्यंतच असते. ए३/बी४मध्ये ती १.६ टक्क्यांपर्यंत चालते. ही राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये साठत जाते. उलट फिल्टर नसलेल्या इंजिनात ए३/बी४चा फायदा असा की त्याचा आम्ल झेलणारा साठा, म्हणजे टीबीएन, किमान १० असतो. सी३ला ६ पुरतो. ज्यांत कॅम सपाट टॅपेटवर थेट घासतो अशा जुन्या इंजिनांचे गणित निराळे आहे. तिथे कॅमच्या लोबवरचा दाब मोठा असल्याने झेडडीडीपी हे झिंक आणि फॉस्फरसयुक्त झीजरोधक द्रव्य जास्त लागते आणि आजच्या ३० ग्रेडच्या ‘एसपी’ ऑइलांत फॉस्फरस ०.०८ टक्क्यांवर रोखलेला आहे. अशा इंजिनासाठी खास त्यासाठीच बनवलेले ऑइल घ्यावे. बाटलीतले अॅडिटिव्ह वरून ओतून तयार मिश्रणाचा तोल बिघडवू नये.

निव्वळ रेसिंगच्या ऑइलबद्दल एवढेच सांगतो की ते थोड्या तासांत काढून टाकण्यासाठी बनते, त्यात डिटर्जंट कमी आणि फॉस्फरस जास्त असू शकतो, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या रस्त्यावरच्या गाडीत त्याचे काम नाही.

‘पूर्ण सिंथेटिक’ या शब्दावर फार वेळ घालवू नये. तो तिसऱ्या गटातल्या हायड्रोक्रॅक केलेल्या बेस ऑइललाही लावला जातो आणि चौथ्या गटातल्या पीएओ या कृत्रिमरीत्या घडवलेल्या बेस ऑइललाही. त्याऐवजी नोआक बाष्पीभवनाचा आकडा पाहावा. २५० अंशांना तासाभरात ऑइलचा किती टक्के भाग उडून जातो ते त्यात कळते. एपीआय ‘एसपी’ची मर्यादा १५ टक्के आहे, एसीईएच्या बहुतेक वर्गांची १३. टर्बोच्या इंजिनासाठी दहाच्या खालचे ऑइल मिळाले तर उत्तम, कारण उडालेला भाग इनटेक व्हॉल्व्हवर चिकटतो आणि मागे उरलेले ऑइल दाट होत जाते.

सहावी पायरी : दोन माहितीपत्रके शेजारी ठेवणे

मंजुरी, ग्रेड आणि वर्ग यांच्या चाळणीतून साधारणतः तीन-चार ऑइले उरतात. त्यांची तांत्रिक माहितीपत्रके उत्पादकाकडून मिळवून शेजारी ठेवावीत. समजा पहिल्या ५डब्ल्यू-४० च्या पत्रकात १०० अंशांना १२.९ सेंटिस्टोक्स, एचटीएचएस ३.५, नोआक १२ आणि टीबीएन १० आहे, तर दुसऱ्यात अनुक्रमे १४.३, ३.८, ९ आणि ११. ट्रॅकसाठी दुसरे ऑइल सरळ उजवे आहे. रोज थोडे अंतर जाणाऱ्या गाडीला पहिले पुरेसे आहे. ज्या पत्रकात एचटीएचएस दिलेलेच नाही आणि विचारूनही मिळत नाही, ते मी बाजूला ठेवतो.

पत्रकातला स्निग्धतांक (तापमान बदलले तरी श्यानता किती कमी बदलते ते सांगणारा आकडा) फार मोठा दिसला म्हणून हुरळून जाऊ नये. १०डब्ल्यू-६० किंवा ०डब्ल्यू-४० सारखा रुंद पल्ला साधण्यासाठी स्वस्त मिश्रणांत पॉलिमर जास्त घातले जातात, आणि ते कातरले जाऊन कायमचे तुटले की ऑइल आपल्या ग्रेडमधून खाली घसरते. मंजुरी असलेल्या ऑइलांत या टिकाऊपणाची चाचणी झालेली असते, पहिल्या पायरीचे महत्त्व इथे पुन्हा दिसते.

सातवी पायरी : भरणे, पातळी आणि बदलण्याचा काळ

योग्य ऑइल चुकीच्या पातळीवर भरले तर सगळी मेहनत वाया जाते. कमी असेल तर लांब वळणावर पिकअप, म्हणजे संपमधून ऑइल ओढणाऱ्या नळीचे तोंड, उघडे पडते आणि पंप हवा ओढतो. जास्त असेल तर क्रँक ते घुसळतो आणि फेस होतो. नेहमीच्या, तळाच्या संपमध्येच ऑइल साठवणाऱ्या इंजिनात गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिक पाहावी. ड्राय संपच्या, म्हणजे ऑइल वेगळ्या टाकीत ठेवणाऱ्या, इंजिनात बहुधा ऑइल पूर्ण तापलेले आणि इंजिन चालू असतानाच पातळी मोजायची असते, म्हणून तिथे पुस्तिकेतली रीत शब्दशः पाळावी. आधीचे ऑइल वेगळ्या ग्रेडचे असेल तर ते गरम असताना पूर्ण निथळू द्यावे आणि फिल्टर त्याच वेळी बदलावा.

रस्त्यावरच्या वापराला दिलेला कालावधी ट्रॅकला लागू होत नाही. मी तासांत मोजतो : ऑइल १२० अंशांच्या वर किती वेळ राहिले याची नोंद ठेवतो आणि दोन-तीन ट्रॅक दिवसांनंतर ऑइल काढतो, मग किलोमीटर कितीही कमी झालेले असोत.

आठवी पायरी : निकाल तपासणे

निवड बरोबर होती की नाही, हे वापरलेले ऑइलच सांगते. काढताना धार मध्यावर आली की स्वच्छ बाटलीत नमुना घ्यावा, पहिली आणि शेवटची धार घेऊ नये, आणि तो प्रयोगशाळेत पाठवावा. अहवालात आधी १०० अंशांची श्यानता पाहावी. नव्या ऑइलपेक्षा ती बरीच घसरली असेल आणि इंधनाचे प्रमाणही वाढलेले असेल, तर कारण इंधन आहे. इंधन नसताना घसरली असेल, तर पॉलिमर तुटले आहेत. श्यानता वाढलेली असेल तर ऑइल जास्त तापले आहे. लोखंड सिलिंडर आणि कॅमकडे बोट दाखवते, सिलिकॉन बहुधा एअर फिल्टरमधून आलेल्या धुळीकडे, आणि तांबे व शिसे एकत्र चढले तर बेअरिंगकडे. एका अहवालावर निष्कर्ष काढू नये. तीन अहवाल एकाखाली एक ठेवल्यावर चढ-उतार कळतो.

प्रयोगशाळेच्या आधी, त्याच संध्याकाळी करण्यासारखी गोष्ट म्हणजे जुना फिल्टर कापून पाहणे. कटरने त्याचे डोके कापावे, आतला घडीचा कागद सुरीने सोडवावा, ऑइल निथळू द्यावे आणि घड्या उन्हात तिरप्या धरून उलगडाव्यात. काळे मऊ कण कार्बनचे असतात, ते बोटांत चुरडतात आणि त्यांची काळजी नको. चुंबकाला चिकटणारी बारीक पूड थोडी असेल तर ती नेहमीची झीज, पण पाती किंवा सुया दिसल्या तर नाही. चुंबकाला न चिकटणारे, चपटे, तांबूस किंवा रुपेरी चकाकते तुकडे दिसले तर ते बेअरिंगच्या शेलचे थर आहेत. अशा वेळी ऑइलचा ग्रेड वाढवून दाबाचा काटा वर आणता येतो, पण तोपर्यंत शेल उघडा पडलेला असतो, आणि इंजिन पुन्हा सुरू न करता संप उतरवून रॉडचे बेअरिंग तपासावे लागते.